शेल खडकातील वायू : साठा छिद्रांत, वाट भेगांत

भूगर्भातील वायूच्या साठ्यांचे आकडे वृत्तपत्रांतून प्रसिद्ध होतात, तेव्हा वाचणाऱ्याच्या मनात सहजच भरलेल्या कोठाराचे चित्र उभे राहते. कोठार सापडले, आता केवळ दार उघडावयाचे, असा समज होतो. शेल नावाच्या खडकात आढळणाऱ्या नैसर्गिक वायूच्या बाबतीत हा समज किती फसवा ठरू शकतो, याचा अनुभव पोलंडने घेतला आहे. अमेरिकेच्या ऊर्जा माहिती प्रशासनाने २०११ मध्ये केलेल्या अंदाजानुसार पोलंडमध्ये काढता येण्याजोगा शेल वायू सुमारे ५.३ लाख कोटी घनमीटर इतका होता. त्या देशात आशेची मोठी लाट उसळली. पुढच्याच वर्षी पोलंडच्या स्वतःच्या भूवैज्ञानिक संस्थेने ०.३५ ते ०.७७ लाख कोटी घनमीटर एवढाच संभाव्य आकडा दिला. सत्तरच्या आसपास विहिरी खोदून झाल्या. परंतु व्यापारी तत्त्वावर परवडेल इतका वायू एकाही विहिरीतून मिळाला नाही. २०१२ ते २०१५ या काळात मोठ्या परदेशी कंपन्या एकामागून एक तेथून निघून गेल्या.

भारताविषयीही असेच आकडे प्रसिद्ध झालेले आहेत. त्याच प्रशासनाने २०१३ मध्ये भारतातील काढता येण्याजोग्या शेल वायूचा अंदाज सुमारे २.७ लाख कोटी घनमीटर इतका दिला. खडकात एकंदर साठलेला वायू मात्र १६.५ लाख कोटी घनमीटर धरला होता. म्हणजे अंदाज करणाऱ्यांच्या मतेही सहा भागांपैकी पाच भाग वायू खडकातच राहणार. असे का व्हावे? खडकात वायू आहे, तर तो बाहेर का येत नाही? या प्रश्नाचे उत्तर खडकातील अतिसूक्ष्म छिद्रे आणि त्यातील भेगा यांच्या रचनेत आहे.

चिखलाचा खडक

शेल हा गाळापासून बनलेला खडक होय. नदी समुद्रास किंवा सरोवरास मिळते, तेथे वाळू आधी खाली बसते आणि सर्वांत बारीक कण पुढे दूरवर, संथ पाण्यात वाहत जातात. मिलिमीटरच्या अडीचशेव्या हिश्श्याहूनही बारीक असे हे चिकणमातीचे चपटे कण थरांवर थर रचत तळाशी साचतात. वर गाळाचे ओझे वाढत गेले, की त्यांतील पाणी पिळून निघते आणि कोट्यवधी वर्षांनंतर त्या चिखलाचा पापुद्र्यांनी फुटणारा खडक होतो. आपल्या राज्याचा बहुतांश भाग बेसाल्टचा, म्हणजे काळ्या कातळाचा असल्याने शेल पाहण्याची संधी सर्वांना मिळत नाही. चंद्रपूर किंवा वणी परिसरातील शिक्षकांना मात्र तो परिचयाचा असेल. कोळशाच्या थरांच्या सोबतीने तो तेथे आढळतो आणि फोडला असता कधी कधी त्यात प्राचीन पानांचे ठसे मिळतात.

ज्या संथ पाण्याच्या तळाशी प्राणवायू फार थोडा होता, तेथे चिखलाबरोबर शैवाल, सूक्ष्मजीव, वनस्पतींचे अवशेष इत्यादी न कुजता गाडले गेले. या सेंद्रिय द्रव्यापासून केरोजेन नावाचा घन पदार्थ तयार होतो. तो जसजसा खोल जातो, तसतसे त्याचे तापमान वाढते. साधारणतः ६० ते १२० अंश सेल्सिअसच्या टप्प्यात त्यापासून खनिज तेल निर्माण होते. त्याहून अधिक तापमानास मुख्यत्वे मिथेन वायू निर्माण होतो. यातील बराच वायू हळूहळू वर सरकून वालुकाश्मात किंवा चुनखडकात अडकतो. आजवर जगाने वापरलेला नैसर्गिक वायू बहुतांशी अशा खडकांतील आहे. जो भाग शेलमधून बाहेर पडूच शकला नाही, तो शेल वायू. वायूची जन्मभूमी आणि साठवण एकच असणे, हे या खडकाचे वैशिष्ट्य आहे.

छिद्रे किती लहान?

वालुकाश्मातील छिद्रे साध्या भिंगातूनही पाहता येतात. शेलमधील छिद्रे साध्या प्रकाशीय सूक्ष्मदर्शकाखालीही दिसत नाहीत, कारण त्यांतील बहुतेक छिद्रे दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीहून लहान असतात. त्यांचे मोजमाप नॅनोमीटरमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या दहालाखाव्या भागात करावे लागते. खडकाचा तुकडा घासून गुळगुळीत करावा, तर घासण्यानेच पृष्ठभागावर ओरखडे पडतात आणि खरे छिद्र कोणते व घासताना निखळलेल्या कणाची जागा कोणती, हे कळेनासे होते. आर्गॉन वायूच्या आयनांचा झोत सोडून खडकाचा पृष्ठभाग अलगद तासण्याची पद्धत वापरात आल्यावर ही अडचण दूर झाली. टेक्सास विद्यापीठातील रॉबर्ट लाउक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी या पद्धतीने बार्नेट शेल या खडकाचे परीक्षण करून २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. तेथील छिद्रे ५ ते ७५० नॅनोमीटर आकाराची आणि सर्वसाधारणपणे १०० नॅनोमीटरच्या आसपास होती. मनुष्याच्या केसाची जाडी ८०,००० नॅनोमीटर धरली, तर अशी आठशे छिद्रे एका केसाच्या जाडीत शेजारी शेजारी मावतील.

या परीक्षणातून आणखी एक गोष्ट पुढे आली आणि ती अधिक महत्त्वाची आहे. बार्नेट शेलमधील बहुसंख्य छिद्रे मातीच्या कणांमध्ये नव्हती. ती सेंद्रिय द्रव्याच्या आत होती. केरोजेनपासून तेल व वायू तयार होताना त्याच्या अंगात, पावाच्या लादीत असतात तशी, जाळी पडलेली होती. शेलमधील छिद्रांचे आता तीन मुख्य प्रकार मानले जातात : खनिज कणांच्या दरम्यानची छिद्रे, खनिज कणांच्या आतील छिद्रे आणि सेंद्रिय द्रव्यातील छिद्रे. पहिल्या प्रकारची छिद्रे वरच्या ओझ्याने दबून मिटत जातात. तिसऱ्या प्रकारची छिद्रे मात्र खडक पुरेसा तापल्यानंतरच निर्माण होतात. म्हणून अपक्व शेलमध्ये सेंद्रिय द्रव्य भरपूर असूनही वायूला जागा थोडी असते.

या छिद्रांत वायू दोन प्रकारे राहतो. काही वायू पोकळीत मोकळा, परंतु मोठ्या दाबाखाली असतो. उरलेला वायू छिद्रांच्या भिंतींना चिकटून राहतो. यास अधिशोषण म्हणतात. छिद्रे जितकी बारीक, तितके भिंतींचे एकूण क्षेत्रफळ अधिक. ही गोष्ट वर्गात सोप्या गणिताने दाखविता येईल. एक सेंटिमीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर असते. त्याच घनाचे १०० नॅनोमीटर बाजूचे तुकडे केले, तर त्या सर्वांचे मिळून पृष्ठफळ ६० चौरस मीटर, म्हणजे शाळेच्या एका चांगल्या प्रशस्त वर्गाच्या जमिनीइतके होते. अमेरिकेतील निरनिराळ्या शेल खडकांत एकंदर वायूपैकी २० ते ८५ टक्के वायू असा चिकटलेला असल्याचे अंदाज आहेत. दाब बराच उतरल्याखेरीज तो भिंत सोडीत नाही.

सच्छिद्र, पण वाट नसलेला

खडकात किती पोकळी आहे हे सांगणारा गुण म्हणजे सच्छिद्रता. त्या पोकळीतून द्रव किंवा वायू किती सहज वाहू शकतो हे सांगणारा गुण म्हणजे पार्यता. हे दोन गुण एक नव्हेत, आणि शेल वायूविषयीचे बहुतेक गैरसमज हा भेद विसरल्याने होतात. वायू देणाऱ्या शेलची सच्छिद्रता बहुधा ३ ते १० टक्के असते. ती अगदीच नगण्य नव्हे. पार्यता मात्र चांगल्या वालुकाश्माच्या तुलनेत दहालाखाव्या हिश्श्याइतकी किंवा त्याहूनही कमी भरते. हे मोजण्याचे एकक 'डार्सी' होय. दिजाँ या फ्रेंच शहराच्या पाणीपुरवठ्याची व्यवस्था करणाऱ्या आंरी डार्सी या अभियंत्याने वाळूच्या थरातून पाणी कसे वाहते याचा नियम १८५६ मध्ये प्रसिद्ध केला, त्याचे हे स्मारक. वालुकाश्माची पार्यता डार्सीच्या हजाराव्या भागात मोजतात; शेलची मोजताना अब्जाव्या भागापर्यंत खाली यावे लागते.

आपल्याकडील विहिरींचा अनुभव असलेल्या वाचकांना हा भेद नवा वाटणार नाही. बेसाल्टच्या काही थरांत बोराएवढी भोके असतात आणि त्यांत पांढरी खनिजे भरलेली असतात. अशा खडकात भोके पुष्कळ, पण एकमेकांशी जोडलेली नाहीत. म्हणून केवळ त्या भोकांच्या बळावर विहिरीस पाणी येत नाही. विहिरीस झरा लागतो तो कातळाच्या भेगेत, दोन थरांच्या सांध्यात किंवा वरच्या मुरमात. दहा हातांवरील दोन विहिरींपैकी एक भरते व दुसरी कोरडी राहते, यामागील कारण बहुधा हेच असते. शेलची गोष्ट तत्त्वतः हीच आहे. फरक एवढाच की, तेथील छिद्रे कितीतरी पटींनी लहान असून ती भूपृष्ठाखाली दोन-तीन किलोमीटरवर असतात.

भेगांचा दुहेरी स्वभाव

शेलमधून वायू काढण्याचा उद्योग वाटतो तितका नवा नाही. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात फ्रेडोनिया या गावी विल्यम हार्ट याने १८२१ मध्ये सुमारे २७ फूट खोलीची विहीर घेऊन शेलमधील वायू मिळविला व त्यावर गावात दिवे लागले. तेथे ओढ्याच्या काठी भेगांतून वायूचे बुडबुडे येत असल्याचे लोकांस आधीच ठाऊक होते. पुढे केंटकी राज्याच्या पूर्व भागातील 'बिग सँडी' क्षेत्रात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून शेलच्या विहिरी चालल्या. तेथील खडक निसर्गतःच भेगाळलेला होता, आणि तरीही पुरेसा वायू यावा म्हणून विहिरीत नायट्रोग्लिसरीनचे सुरुंग उडवावे लागत. नैसर्गिक भेगा असतील तेथे वायू थोडा थोडा, पण दीर्घकाळ मिळे. नसतील तेथे विहीर कोरडी जाई.

यावरून जितक्या भेगा अधिक तितके बरे, असा निष्कर्ष कोणी काढील, तर तो खरा नव्हे. भेग ही वाट आहे, आणि वाट दोन्ही दिशांनी चालते. चीनमधील सिच्वान कुंडाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. तेथील लुंगमाशी शेल सुमारे ४४ कोटी वर्षांपूर्वीचा आहे. चोंगचिंग महानगराच्या हद्दीतील फुलिंग येथे नोव्हेंबर २०१२ मध्ये एका आडव्या विहिरीतून दिवसास सुमारे २ लाख घनमीटर वायू मिळाला आणि चीनमधील पहिले मोठे शेल वायू क्षेत्र उभे राहिले. तेथे खडकातील दाब त्या खोलीवरील पाण्याच्या दाबाच्या सुमारे दीडपट होता. वरचे व खालचे थर घट्ट असल्याने वायू कोंडून राहिला होता. त्याच शेलच्या, कुंडाच्या कडेबाहेरील भागात परिस्थिती निराळी आढळते. भूकवचाच्या हालचालींनी तेथील थरांस घड्या पडल्या, मोठे विभंग निर्माण झाले आणि काही ठिकाणी शेल उघडा पडला. सेंद्रिय द्रव्य होते, छिद्रेही होती. परंतु विभंगांच्या वाटेने वायू केव्हाच निघून गेला. अशा ठिकाणी दाब सामान्य आणि उत्पादन अल्प. खडकाच्या आतल्या आत जाळे करणाऱ्या बारीक भेगा उपकारक आणि भूपृष्ठापर्यंत पोचणारे विभंग घातक, असा हा भेद आहे.

भेगांचा तिसराही एक प्रकार आहे. टेक्सासमधील बार्नेट शेलमध्ये नैसर्गिक भेगा विपुल आहेत, पण त्यांतील बहुतेक मिलिमीटरच्या विसाव्या भागाहून अरुंद असून कॅल्साइट या खनिजाने भरून बुजलेल्या आहेत. त्यांतून वायू वाहत नाही. मग त्यांचा उपयोग काय? कॅल्साइटची शेलवरील पकड कच्ची असते. बाहेरून दाब दिला, की खडक याच जुन्या जोडांवर पुन्हा उकलतो आणि नव्या भेगेस चहूकडे फाटे फुटतात.

केलेल्या भेगा

हा दाब देण्याचे तंत्र बार्नेट शेलमध्येच पक्के झाले. जॉर्ज मिचेल यांच्या कंपनीने तेथे पहिली विहीर १९८१ मध्ये घेतली. खर्च निघेल असे उत्पादन मिळण्यास पुढे सोळा-सतरा वर्षे गेली. आरंभी घट्ट, लपशीसारखे द्रव खडकात दाबीत. ते महाग होते. १९९७-९८ च्या सुमारास, घर्षण कमी करणारी द्रव्ये अल्प प्रमाणात मिसळलेले साधे पाणी व थोडी वाळू वापरून पाहिली, तेव्हा खर्च उतरला आणि उत्पादनही वाढले. २००२ मध्ये ती कंपनी दुसऱ्या कंपनीने घेतली व या तंत्राला आडव्या विहिरींची जोड मिळाली. आज अमेरिकेतील नैसर्गिक वायूच्या उत्पादनापैकी तीन चतुर्थांशांच्या आसपास वायू शेलमधून येतो.

विहीर सरळ खाली नेऊन शेलच्या थरात आडवी वळवितात व एक-दोन किलोमीटर किंवा त्याहून अधिक लांब नेतात. मग टप्प्याटप्प्याने प्रचंड दाबाने पाणी सोडून खडक उकलतात. दाब काढला, की वरच्या खडकाच्या भाराने भेग पुन्हा मिटू पाहते. तिच्यात शिरलेले वाळूचे कण तिला उघडी ठेवतात. आपल्याकडेही विहिरीचे पाणी वाढविण्यासाठी तिच्या तळातून आडवे बोअर घेतात, आणि कमी पाणी देणाऱ्या विंधण विहिरींवर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा जलभंजनाचा प्रयोग करीत आली आहे. तत्त्व एकच आहे, प्रमाण मात्र अगदी निराळे. शेलच्या एका विहिरीस दीड-दोन कोटी लिटर, पुष्कळदा त्याहूनही अधिक पाणी लागते.

खडक उकलेल की नाही, हे त्याच्या घटकांवर ठरते. भाजलेले खापर तडकते; ओली चिकणमाती दाबली तर नुसती दबते. ज्या शेलमध्ये क्वार्ट्‌झ किंवा चुन्याचे प्रमाण अधिक, तो खापरासारखा तडकतो. मातीचे प्रमाण अधिक असेल, तर भेग नीट पडत नाही, पडली तरी वाळूचे कण मऊ भिंतीत रुततात आणि ती मिटते. पोलंडमधील अपयशाच्या कारणांत तेथील शेलमधील मातीचे अधिक प्रमाण हे एक प्रमुख कारण सांगितले जाते.

भेग पडली तरी ती छिद्रांपर्यंत थेट पोचत नाही. भेगेलगतचा मोकळा वायू प्रथम झपाट्याने निघतो. त्यानंतर आतल्या नॅनोमीटर आकाराच्या छिद्रांतील वायू भेगेकडे सरकावयाचा. तेथे वायूचे रेणू एकमेकांवर कमी आणि भिंतींवरच अधिक आदळत, अडखळत पुढे जातात. म्हणून शेलच्या विहिरीचे उत्पादन पहिल्या वर्षातच बहुधा निम्म्याहून अधिक घटते आणि पुढे कित्येक वर्षे बारीक धारेसारखे चालू राहते. उत्पादन टिकवावयाचे, तर नव्या विहिरी घेतच राहावे लागते. ज्या भागात जमीन दाट वस्तीची व शेतीची आहे, तेथे ही बाब वायूच्या साठ्याइतकीच विचारात घ्यावी लागेल.

विभंगांच्या बाबतीत आणखी एक दक्षता आवश्यक असते. दाबाचे पाणी एखाद्या ताणलेल्या विभंगात शिरल्यास तो सरकू शकतो. इंग्लंडमध्ये लँकशायर परगण्यात अशा कामामुळे एप्रिल २०११ मध्ये २.३ आणि ऑगस्ट २०१९ मध्ये २.९ तीव्रतेचे धक्के बसले. त्यानंतर नोव्हेंबर २०१९ मध्ये इंग्लंडमध्ये हे काम थांबविण्यात आले. भूजल दूषित होण्याचा धोका खोलवरच्या भेगांपेक्षा विहिरीच्या सदोष नळ्या, त्यांभोवतालचे कच्चे सिमेंट व वर येणारे क्षारयुक्त पाणी यांपासून अधिक संभवतो.

भारतातील स्थिती

भारतात दामोदर खोऱ्यात, पश्चिम बंगालमधील दुर्गापूरनजीक, तेल व नैसर्गिक वायू महामंडळाने घेतलेल्या विहिरीत जानेवारी २०११ मध्ये सुमारे १,७०० मीटर खोलीवरील शेलमधून वायू बाहेर आला. ऑक्टोबर २०१३ मध्ये केंद्र शासनाने सार्वजनिक क्षेत्रातील तेल कंपन्यांस शेल वायू शोधण्याची परवानगी देणारे धोरण जाहीर केले आणि त्यानंतर खंबायत, कृष्णा-गोदावरी व कावेरी कुंडांतही विहिरी घेण्यात आल्या. शेल वायूचे व्यापारी उत्पादन मात्र त्यांतून उभे राहिलेले नाही.

खडकांकडे पाहिले, म्हणजे यातील अडचण लक्षात येते. बार्नेट किंवा लुंगमाशी शेल समुद्रात साचलेला असून त्यातील पुष्कळसा क्वार्ट्‌झ सूक्ष्म सागरी जीवांच्या सांगाड्यांपासून आलेला आहे. तोच त्यांना तडकणारा कडकपणा देतो. दामोदर खोऱ्यातील शेल नद्या व सरोवरांच्या गाळाचा आहे आणि त्यातील सेंद्रिय द्रव्य मुख्यत्वे जमिनीवरील वनस्पतींचे आहे. अशा द्रव्यात वायू निर्माण होतो, परंतु छिद्रांची जाळी तुलनेने कमी पडते, असा अनुभव आहे. खंबायतचा शेल वयाने तरुण असून त्यात मातीचे प्रमाण बरेच आहे. तेव्हा अमेरिकेतील एकरी उत्पादनाचा हिशेब या खडकांस जसाच्या तसा लावता येत नाही. प्रत्येक कुंडातील खडकाचे गाभे काढून त्यांतील सेंद्रिय द्रव्य, त्याची पक्वता, मातीचे प्रमाण, छिद्रांचा आकार आणि भेगांची दिशा या पाच गोष्टी स्वतंत्रपणे मोजाव्या लागतात. त्यांतील पहिल्या दोन अनुकूल असल्या, म्हणजे अहवालात 'साठा' हा शब्द येतो; वायू नळीत येण्यासाठी उरलेल्या तिन्हींची अनुकूलता लागते.